किल्ली आणि इमान

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव सध्या जी विद्या शिकत आहेत, तिचे नाव त्यांच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींस नीट सांगता येत नाही. 'संगणकातले काहीतरी' एवढ्यावर त्यांचे समाधान होते. बँका, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या यांचा कारभार ज्या मोठ्या संगणकांवर चालतो त्यांस सर्व्हर म्हणतात, आणि त्या सर्व्हरच्या अंगी जी मूळ व्यवस्था नांदत असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम. ती चालविणे, वेळोवेळी सुधारून घेणे आणि चोरांपासून राखणे, हा ह्या विद्येचा विषय. परवा रंकाळ्यावर फिरत असता स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "एवढे शिकून हा करणार काय? सगळे सुरळीत चालले तर ह्याने काय केले हे कोणाला दिसणार नाही. आणि बिघडले तर शिव्या मात्र ह्यालाच!" प्रश्न व्यवहाराचा होता, परंतु त्याच्या पोटात आम्हांस नीतिशास्त्राचा एक प्रश्न दिसला. ज्या कर्तव्याचे फळ 'काहीही न घडणे' हेच, ते मनुष्याने कोणत्या वृत्तीने करावे?

प्रथम ह्या चाकरीत अधिकार केवढा असतो ते पाहू. लिनक्ससारख्या व्यवस्थेत 'रूट' नावाचे एक पद आहे. ते ज्याच्या हाती, त्यास कोणाचाही पत्रव्यवहार वाचता येतो, कोणतेही खाते पुसता येते, आणि पुसल्याची नोंदही पुसता येते. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा घातली आहे. अंगठी फिरविली की मनुष्य अदृश्य होतो. मग अदृश्य झालेला मनुष्य न्यायाने वागेल काय, असा तेथे वाद आहे. तत्त्वज्ञांनी ह्या अंगठीवर पुष्कळ लिहिले. पण येथे ती अंगठी पगारी नोकराच्या बोटात रोज घातली जाते!

नवल असे की ह्या विद्येने त्या प्रश्नास जे उत्तर दिले आहे, ते 'सज्जन माणूस शोधा' असे नाही. नित्याचे काम साध्या अधिकाराने करावे. रूटचा अधिकार क्षणापुरता उसना घ्यावा व काम होताच परत ठेवावा. आणि तो कोणी, केव्हा, कशासाठी घेतला ह्याची नोंद अशा दुसऱ्या संगणकावर जावी की जेथे घेणाऱ्याचा हात पोहोचत नाही, हा तिचा आरंभीचा पाठ आहे. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर ह्या दोन पंडितांनी १९७५ साली एका प्रसिद्ध निबंधात मांडले, आणि आजही ते ह्या शास्त्राचा पाया मानले जाते.

आम्हां कोल्हापूरकरांस मात्र हा विचार अगदीच परका वाटू नये. शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस अशी कामे वाटून दिलेली असत. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यातील हेतू. पुढे करवीर गादीच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५ साली, रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' लिहिले गेले. त्यातील दुर्गांचे प्रकरण ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून अधिक दरवाजे व चोरदिंड्या असाव्यात. परंतु रोजच्या राबत्यास लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे त्यात सांगितले आहे. गडावरच्या अधिकाऱ्यांच्या ठरावीक मुदतीने बदल्या कराव्यात, असेही सांगितले आहे. आजचा सर्व्हर राखणारा दुसरे काय करतो? कामाची नसलेली द्वारे बंद ठेवतो, संकेतशब्द बदलतो, आणि गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी मिटवितो.

येथे कोणी म्हणेल की प्रामाणिक मनुष्यावर असा पहारा बसविणे हा त्याचा अपमान आहे. आम्हांस तसे वाटत नाही. किल्ली चोरीस गेली म्हणजे तिच्याबरोबर धन्याचे इमान जात नाही. चोराच्या हाती जाते ती केवळ किल्ली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो दरोडा पडला, त्याचे उदाहरण घ्या. बँकेच्या खऱ्या व्यवस्थेला वगळून मध्येच एक तोतया व्यवस्था उभी करण्यात आली, आणि पैसे मागणाऱ्या यंत्रांना 'द्या' असे उत्तर तीच देऊ लागली. २८ देशांतून आणि आपल्या देशातील काही शहरांतून रकमा निघाल्या. आमच्या कोल्हापुरातील यंत्रेही त्यांत होती. दोनच दिवसांनी हाँगकाँगकडे आणखी रक्कम वळविली गेली, आणि एकूण आकडा ९४ कोटींवर गेला. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. भाऊसाहेबांचा तोतया ओळखला गेला तो माणसाच्या ओळखीवरून. यंत्राला तोतया ओळखता येतो तो नियमानेच. म्हणून स्वतःवर नियम लावून घेणे हा अपमान नसून, आपल्या नावावर दुसऱ्याने चोरी करू नये ह्याची ती तजवीज आहे.

आता सुधारणेचा प्रश्न. 'चालत्या गाड्याला खीळ कशाला घालावी?' असे आपले सामान्य शहाणपण सांगते. पण मार्च २०१७ मध्ये विंडोज व्यवस्थेतील एका छिद्रावरची दुरुस्ती तिच्या कर्त्यांनी प्रसिद्ध केली. ज्यांनी आळस केला त्यांच्यावर मे महिन्यात 'वॉनाक्राय' कोसळले, आणि इंग्लंडमध्ये इस्पितळांचे दरवाजे रुग्णांना बंद झाले. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या रक्षक कंपनीची सदोष सुधारणा घाईने सर्वत्र गेली आणि सुमारे ८५ लक्ष संगणक बंद पडले. एकदा आळसाने घात केला, एकदा उतावळेपणाने. तेव्हा 'नेहमी करावे' किंवा 'कधी करू नये' असा सोपा नियम येथे नाही. आधी वेगळ्या संगणकावर करून पाहावे, परतीची वाट ठेवावी, आणि मग मात्र उद्यावर टाकू नये, एवढाच विवेक हाती उरतो.

आणि तरीही नियमांनी सर्व होत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याच्या लक्षात आले की दूरच्या संगणकात शिरावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्याने ते सोडून दिले नाही. शोध घेता आढळले की 'एक्सझेड' ह्या लहानशा साधनात कोणीतरी चोरदिंडी ठेवली आहे. ते साधन विनामोबदला, बहुतांशी एकट्याने सांभाळणारा गृहस्थ थकला होता. मदतीच्या मिषाने एकाने दोनअडीच वर्षे त्याचा विश्वास संपादन केला होता. जगातील असंख्य सर्व्हर त्या अर्ध्या सेकंदावर वाचले. तेथे नियम नव्हता. होती ती आपल्या कामाविषयीची आस्था. थकलेल्या रखवालदारास एकटे सोडणाऱ्या आपणा सर्वांचा दोषही त्या कथेत आहेच.

असो. गेल्या आठवड्यात रात्री आम्ही स्नेह्यांकडे गेलो, तेव्हा चिरंजीव एका जुन्या संगणकापुढे बसले होते. काय चालले आहे, असे विचारता ते म्हणाले, "काका, आधी जुने जसेच्या तसे परत आणता येते का, ते करून बघतो, मग नवे घालतो." आम्ही स्नेह्यांकडे पाहिले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाल्यासारखे वाटले. हा मुलगा अधिकार मिळविण्याची विद्या शिकत नसून, हाती आलेला अधिकार खाली ठेवण्याची विद्या शिकत आहे. तिचे फळ कोणास दिसणार नाही हे खरे. परंतु सकाळी बँकेत निवृत्तिवेतन घेण्यास गेलेली एखादी वृद्धा पैसे घेऊन, रात्री काय टळले ह्याची कल्पनाही नसता, घरी परत जाईल. तिला ती कल्पना नसणे हेच त्याचे वेतन, असे मानण्याची तयारी ज्याची असेल, त्याच्याच हाती किल्ली द्यावी.