सुरांची मात्रा

फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी कानांच्या ३३ माणसांना चार तास रॉक किंवा पॉप संगीत ऐकवले. सर्वांत वरच्या पातळीचा आवाज १०० ते १०२ डेसिबल. संगीत थांबल्यावर पाव तासाने त्या गटाची श्रवणशक्ती ४००० हर्ट्झपाशी सहाएक डेसिबलांनी मंदावलेली आढळली. आठवड्यानंतरच्या चाचणीत ती पूर्ववत झालेली आढळली. बहिरेपणा टाळणारी औषधे माणसांवर पारखायची, तर कान थोडा वेळ बधिर करण्याची खात्रीची रीत हवी. ती अशी हाती आली.

यंत्राच्या गोंगाटाऐवजी संगीत का? तरुण मंडळी इयरफोन लावून हेच करतात, मग नवे काय लादले, असे म्हणता येते. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. माणूस स्वतःच्या कानांचे काय करतो हे वेगळे, आणि पांढरा कोट घालून कोणी मोजूनमापून त्याला काय देतो हे वेगळे. अमेरिकेतल्याच कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबल आवाज दिवसाला पाव तासच सोसावा.

शिवाय 'पूर्ववत' या शब्दाचा भावही आता उतरला आहे. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी दाखवले, की मोठा आवाज ऐकवलेल्या उंदरांचे कान चाचणीत बरे ठरले, तरी आतल्या पेशी आणि श्रवणतंतू यांचे सांधे काही भागांत निम्म्यापर्यंत कायमचे तुटले होते. उंदरांचे कान चाळीसएक डेसिबलांनी मंदावले होते, तेव्हा तुलना जपूनच करावी. पण स्वयंसेवकाला हे सांगायला नको?

माझी खरी अडचण पुढेच आहे. न्यूरेंबर्गच्या १९४७ च्या संहितेने माणसाला प्रयोगातून मध्येच उठण्याची मुभा दिली. केव्हा उठायचे हे त्याला त्याचा त्रासच सांगतो. करवतीचा आवाज दहा मिनिटांत नकोसा होतो. आवडत्या गाण्याला मात्र हात आवाज वाढवायलाच जातो! कानातल्या पेशीला गाणे आणि करवत यांत फारसा भेद नसतो. भेद आपल्याला असतो, आणि तिथेच फसगत होते. संमती कागदावर शाबूत राहते, नकार तेवढा जिभेवर येत नाही.

असे प्रयोग बंद करा असे मी म्हणणार नाही. औषध निघाले तर कारखान्यातल्या कामगाराचे भले आहे. पण दर अर्ध्या तासाने संगीत थांबवावे आणि त्या शांततेत विचारावे, "पुढे चालू ठेवायचे का?" प्रयोगाचा काटेकोरपणा त्याने थोडा बिघडेल, बिघडू द्यावा. आणि विचारणारा माणूस प्रयोग करणाऱ्यांच्या पगारावर नसावा.