थांबायचं, तर कोणाच्या भरवशावर?

ठाण्यातल्या आमच्या बाळकुममध्ये चार-पाच वर्षांच्या मुलाच्या टॉन्सिलचा निर्णय बहुधा शनिवारी संध्याकाळी होतो. आठवडाभर आई ऐरोलीला आणि बाबा बीकेसीला असतात, त्यामुळे दोघांना एकत्र जाता येईल असा तो एकच वार. माजिवडा-कापूरबावडीच्या दवाखान्यांत त्या दिवशी गर्दी असते. नंबर लागतो, डॉक्टर जीभ दाबून टॉर्च मारतात, ‘टॉन्सिल बरेच मोठे आहेत, काढून टाकलेले बरे’ असं सांगतात आणि दहा मिनिटांत आईबाप बाहेर आलेले असतात. मग आजीला फोन, सोसायटीतल्या मैत्रिणीला फोन, विम्याची चौकशी. करायचं की नाही यापेक्षा कधी करायचं, दिवाळीच्या सुट्टीत की मेमध्ये, हाच प्रश्न पुढे येतो.

त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी जे पाहिलं ते खरंच असतं. टॉन्सिल मोठे असतात. पण साधारण तीन ते सात या वयात ते मोठे असायचेच. घशाच्या दाराशी बसून बाहेरून येणाऱ्या जंतूंची शरीराला ओळख करून देणं हे त्यांचं काम, आणि ते काम याच वर्षांत सर्वांत जास्त असतं. पुढे पौगंडावस्थेपर्यंत ते आपोआप आक्रसतात. नाकाच्या मागे असलेल्या ॲडेनॉइडचंही तसंच. अडीच-तीन वर्षांचं मूल नर्सरीत गेलं की वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-ताप होणं हा त्या वयाचा क्रमच आहे. आमच्याकडे त्यात धुळीची भर पडते. कोलशेत रस्त्यावर जिथे सँडोझ, बायरसारख्या कंपन्या होत्या, तिथे आता टॉवर उभे आहेत आणि अजून उभे राहत आहेत. वडाळा-कासारवडवली आणि ठाणे-भिवंडी-कल्याण या दोन मेट्रोंची कामं आमच्या आजूबाजूला वर्षानुवर्षं चालली. ॲलर्जीने नाक चोंदलेली, तोंडाने श्वास घेणारी मुलं इथल्या प्रत्येक इमारतीत सापडतील. त्या सगळ्यांचा दोष टॉन्सिलवर टाकता येत नाही.

म्हणून ‘मोठे आहेत’ हे वाक्य निर्णयाला पुरेसं नाही. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना नको म्हटलं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली, त्यांनी त्यांतल्या ९९ जणांना सुचवली. पुन्हा उरलेली ११६ तिसऱ्या फळीपुढे गेली आणि तिथेही ५१ निघाली. कोणत्याही डॉक्टरने शस्त्रक्रिया सांगितली नाही अशी मुलं हजारातून ६५ राहिली. प्रत्येक फेरीत, समोर कोणतीही मुलं असोत, जवळजवळ ४५ टक्क्यांना ‘काढा’ असा सल्ला मिळाला. म्हणजे सल्ला घशातून येत नव्हता, तो सवयीतून येत होता. चार वर्षांनी जे. ॲलिसन ग्लोव्हर या ब्रिटिश डॉक्टरांनी इंग्लंडचे आकडे मांडले. लंडनजवळच्या हॉर्न्सी गावात शाळांचे आरोग्य अधिकारी बदलले आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया एकदम दहाव्या हिश्शावर आल्या. मुलांचं त्यात काही बिघडलं नाही.

यात लोभ शोधायची गरज नाही, आणि मला तो शोधायचाही नाही. लोभाचा प्रश्न आपल्याकडे आहे, पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन ‘कैफियत’ हे पुस्तक लिहिलं, त्यात तो डॉक्टरांच्याच तोंडून आला आहे. पण टॉन्सिलची गोष्ट त्याहून अवघड आहे. प्रामाणिक डॉक्टर आणि मायेचे आईबाप समोरासमोर बसले, तरी चुकीचा निर्णय होऊ शकतो, कारण दोघांच्याही हातात त्या दिवसाच्या घशाखेरीज काही नसतं.

मग हातात काय हवं? अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं याच प्रश्नाला दिली. घसा वारंवार येतो म्हणून टॉन्सिल काढायचे असतील, तर आज जगभर त्यांचाच निकष वापरला जातो: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. आणि ‘वेळा’ म्हणजे नुसतं घसा खवखवणं नव्हे. त्यासोबत चांगला ताप, मानेत सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा तपासणीत सापडलेला स्ट्रेप्टोकोकस जंतू, यांपैकी काहीतरी हवं, आणि ते त्या-त्या वेळी डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं हवं. या शेवटच्या अटीचं कारण फार बोलकं आहे. १९७८ साली त्यांनी अशी ६५ मुलं घेतली, ज्यांच्या आईबापांनी ‘सतत घसा येतो’ असं खात्रीने सांगितलं होतं, पण कागदावर काही नव्हतं. या मुलांवर पुढे नीट लक्ष ठेवलं, तेव्हा सांगितल्याइतका त्रास फक्त ११ जणांना झाला. पालक खोटं बोलत नव्हते. रात्री दोन वाजता तापलेल्या मुलाच्या कपाळावर घड्या बदलत बसलेल्या आईला ती एक रात्र तीन रात्रींएवढी आठवते. शिवाय मुलं मोठी होतात, तसा आजार स्वतःहूनच ओसरत जातो.

आपल्याकडे तर कागद आणखी विखुरलेले. एक ताप बालरोगतज्ज्ञांकडे, दुसरा रात्री उघडं असलेल्या हॉस्पिटलात, तिसरा गावाला, आणि चौथ्या वेळी मेडिकलमधून आणलेलं तीन दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन. त्या चौथ्या वेळी घसा कोणी पाहिलेलाच नसतो, पण मोजणीत ती वेळ धरली जाते. भरीला ‘एएसओ’ची रक्ततपासणी. तो आकडा वाढलेला दिसला की हृदयाची भीती घरात शिरते. स्ट्रेप्टोकोकसमुळे येणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात हे खरं आहे, आणि भारतात तो आजार अजून गेलेला नाही. पण वाढलेला एएसओ एवढंच सांगतो की हा जंतू मधल्या काळात येऊन गेला. शाळेत जाणाऱ्या कितीतरी निरोगी मुलांत तो वाढलेला असतो. त्या तापापासून बचाव करतं ते वेळेवर आणि पूर्ण घेतलेलं पेनिसिलिनसारखं औषध. निव्वळ एएसओचा कागद पाहून मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणं मला मान्य नाही.

आतापर्यंत मी थांबण्याच्या बाजूने बोलले. पण ज्या मुलाचा श्वास रात्री अडतो, त्याच्या बाबतीत थांबणं हीच चूक ठरू शकते. आपल्या घरांत घोरण्याकडे कौतुकाने पाहिलं जातं. ‘बाबांवर गेलाय’ म्हणतात, ‘गाढ झोपतो’ म्हणतात. मूल मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपतं, घामाने उशी भिजते, घोरता घोरता आवाज थांबतो, छाती आत ओढली जाते आणि मग धसका बसल्यासारखा श्वास परत सुरू होतो. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. दिवसा हेच मूल चिडचिडं, एका जागी न बसणारं असतं, आणि शाळेतून तक्रार येते ती त्याच्या वागण्याची. या मुलाला वर्षात एकदाही घसा आला नसेल, तरी त्याला मदतीची गरज आहे. हा प्रश्न वेगळा आणि त्याचा हिशेबही वेगळा. टॉर्चच्या उजेडात तो दिसत नाही, तो रात्रीच दिसतो. मुलांची रीतसर झोप-तपासणी सगळीकडे सहज होत नाही, पण मूल गाढ झोपलेलं असताना अंगावरचं पांघरूण बाजूला करून, छाती आणि तोंड दिसेल असा काही मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ घेणं प्रत्येक घरात जमतं. तो डॉक्टरांना दाखवा. तपासणीला तो पर्याय नाही, पण दहा मिनिटांच्या भेटीत रात्र आणून ठेवायचा तोच एक मार्ग आहे.

इथेही शास्त्राचं उत्तर एकेरी नाही. २०१३ साली अमेरिकेत श्वास अडणाऱ्या, पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांची शस्त्रक्रिया लगेच केली, निम्म्यांवर लक्ष ठेवून थांबले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप-तपासणी सुधारून सामान्य झाली होती. थांबलेल्यांतही ४६ टक्क्यांची झाली. एकाग्रतेच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फारसा फरक आला नाही. पण वागणूक, झोप, रोजचं जगणं यांत शस्त्रक्रिया झालेली मुलं स्पष्टपणे पुढे होती. ही मुलं सौम्य ते मध्यम त्रासाची होती हे लक्षात ठेवलं पाहिजे. ज्याचा प्राणवायू रात्री सारखा खाली जातो, त्याला सात महिने वाट पाहायला लावता येत नाही. सौम्य त्रासाच्या आणि ॲलर्जीच्या मुलांना मात्र नाकाच्या स्टिरॉइड स्प्रेने काही आठवडे संधी देणं रास्त आहे.

थांबणं हा उपचार आहे, असं मी मानते. पण तो कोणीतरी करावा लागतो. सहा महिने त्याच डॉक्टरांकडे जायचं, प्रत्येक तापाला घसा दाखवायचा, नोंद ठेवायची, मध्येच रात्रीचा श्वास बिघडला तर ठरवलेलं बदलायचं. हे सगळं पूर्वी ठाण्यात फॅमिली डॉक्टर करत. तीन पिढ्या ओळखणाऱ्या त्या माणसाच्या ‘बघू, अजून एक पावसाळा जाऊ दे’ या वाक्यामागे त्या मुलाची सगळी माहिती असायची. आज टॉवरमध्ये राहायला आलेल्या जोडप्याला तसा डॉक्टर मिळत नाही. मिळाला, तरी त्याच्या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. आरोग्य विमा शस्त्रक्रियेचं बिल भरतो. तपासायला, समजवायला, पुन्हा बोलवायला लागणारी ओपीडीची फी बहुतेक पॉलिसींत बसत नाही. वैयक्तिक पॉलिसींत टॉन्सिल-ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रियेला बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, तर कंपनीच्या सामूहिक विम्यात तो अनेकदा नसतो. त्यामुळे ‘नोकरी बदलायच्या आत करून घेऊ’ हे वाक्य मी आमच्या लिफ्टमध्ये ऐकलं आहे. त्या आईला मी दोष देत नाही. पन्नास-साठ हजारांची जुळवाजुळव करावी लागणाऱ्या घरात असा विचार येणारच. पण पाच वर्षांच्या मुलाच्या घशाचं वेळापत्रक त्याच्या बापाच्या नोटीस पीरियडने ठरावं, हे मला सहन होत नाही.

२०२० साली याच परिसरात महापालिकेने ग्लोबल हबच्या इमारतीत १०२४ खाटांचं कोविड रुग्णालय काही आठवड्यांत उभं केलं. खाटा उभ्या करायची ताकद आपल्यात आहे, हे तेव्हा दिसलं. लक्ष ठेवणारं माणूस उभं करायला तेवढाही खर्च लागत नाही, पण ती मागणीच कोणी केलेली नाही.

निर्णय ‘करायचं’ असा झाला, तर तो निर्धास्त मनाने करावा, पण घाईने नको. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो आहे, आणि चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. भूलतज्ज्ञांशी आधी बोलावं. श्वास अडणारं, तीन वर्षांच्या आतलं किंवा वजन फार कमी-जास्त असलेलं मूल असेल, तर ‘संध्याकाळी घरी’ हे आश्वासन स्वीकारू नये, रात्रभर देखरेखीखाली ठेवायला सांगावं. दुखण्यासाठी कोडीन असलेलं कोणतंही औषध देऊ नये. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास थांबू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ पासून या शस्त्रक्रियेनंतर ते मुलांना द्यायला मनाई करणारा सर्वांत कडक इशारा दिला आहे. घरात जुन्या खोकल्याच्या औषधाची बाटली असेल, तर तिच्यावरचं नाव वाचून पाहावं.

आणि रक्तस्राव. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ मध्ये झालेल्या ३३,९२१ शस्त्रक्रियांच्या तपासणीत, मोठी माणसं धरून, साडेतीन टक्के रुग्णांना नंतर रक्तस्राव झाला. तो पहिल्या दिवशी होऊ शकतो, आणि खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यानही. दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर मांडून पाहावी. वसुबारसेच्या आधी शस्त्रक्रिया आणि भाऊबीजेला चिपळूण-संगमेश्वरकडच्या घरी, असा बेत अनेक घरांत ठरतो. नेमक्या त्या दिवसांत मूल अशा गावी असतं, जिथे रात्री भूलतज्ज्ञ मिळणं कठीण. दोन आठवडे ठाण्यातच राहावं, हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा, आणि लाल रक्त दिसलं, किंवा मूल झोपेत सारखं गिळताना दिसलं, तर सकाळची वाट पाहू नये. मुलाला पाणी पाजत राहावं. चकली-कडबोळी यंदा बाजूला.

मुलालाही खरं सांगावं. ‘आईस्क्रीम मिळणार’ एवढंच सांगून नेलेलं मूल शुद्धीवर येताना घाबरतं आणि पुढच्या डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. झोप येईल, उठल्यावर आई असेल, घसा दुखेल, आठवडाभर दुखेल, मग कमी होईल, हे पाच वर्षांच्या मुलाला समजतं.

माझी मागणी लहान आहे. ठाणे महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मुलांची वजनं होतात, औषधं दिली जातात, खासगी शाळाही वर्षातून एकदा तपासणी करतात. मुलाच्या आरोग्यपत्रकात एक पान घशासाठी आणि एक झोपेसाठी जोडावं. तारीख, ताप किती, घसा कोणी पाहिला, काय दिसलं, औषध कोणतं; आणि महिन्यातून एकदा, रात्री घोरतो का, श्वास थांबतो का. दर सहा महिन्यांनी कोणीतरी ते पान वाचावं आणि त्यावर सही करावी. सरकारी कागद येईपर्यंत घरातली शंभर पानी वही चालेल. शनिवारी नंबर लागला की टॉर्च पेटण्याआधी ती टेबलावर ठेवावी.