चार वड्या जास्त

खरे बोलावे, खोटे बोलू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि बँकेत लागल्यापासून त्याचा पगारही घेतो आहे. बँकेत खोटे चालत नाही, कारण तिथे आकडे असतात. माणूस एक वेळ सांभाळून घेतो, आकडा घेत नाही. संध्याकाळी रोकड मोजली आणि दहा रुपये कमी भरले, तर ते खिशातून घालून घरी जाता येते. पण दहा रुपये जास्त भरले तर जाता येत नाही. कमी पडले म्हणजे आपण कुठेतरी चुकलो, एवढेच. जास्त भरले म्हणजे कुणाचे तरी आपल्याकडे राहून गेले. ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मात्र हे मला ना कॉमर्सच्या पदवीने शिकवले, ना बँकेने. ते शिकवले फजच्या एका डब्याने.

फज म्हटले की आपल्याकडे लोणावळा. लोणावळ्याहून येताना चिक्की आणली नाही, तर माणूस लोणावळ्याला गेला होता याला पुरावा काय? पण चिक्कीच्या जोडीला कुणी अक्रोड घातलेला चॉकलेट फज आणला, तर चिक्की आठ दिवस डब्यात राहते आणि फज रात्रीचे जेवण पाहत नाही. आमच्या घरी असाच एकदा तो आला आणि गेला. त्यातच आमचा एक सहकारी सुट्टी काढून काश्मीरला जाऊन आला आणि त्याने मला किलोभर अक्रोड दिले. ते बघून सौ. म्हणाली, "अहो, आपण घरीच फज करू या का?"

यातल्या 'आपण' या शब्दाचा अर्थ लग्नाला अठरा वर्षे झालेल्या माणसाला सांगावा लागत नाही. मी दाराच्या बिजागरीत अक्रोड फोडायला बसलो.

फोडता फोडता मी मुलांच्या ज्ञानात भर घातली. फज मूळचा अमेरिकेतला. १८८६ साली बाल्टिमोर शहरात तो ४० सेंटला पौंड या भावाने विकला जात होता. त्याची कृती मिळवून एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने १८८८ साली व्हासर या मुलींच्या कॉलेजात एका लिलावासाठी ३० पौंड फज केला, असे तिनेच पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे. मग मुलींच्या कॉलेजांतून त्याची साथच पसरली. दिवे मालवायची वेळ उलटून गेली तरी पोरी आपापल्या खोल्यांतून गुपचूप फज करत बसत. शिवाय इंग्रजीत 'फज' म्हणजे आकड्यांत गोलमाल करणे, आणि हा अर्थ मिठाईपेक्षा जुना आहे.

"म्हणजे हा पदार्थ चोरूनच खायचा असतो का, बाबा?" चिरंजीवांनी विचारले. मी त्याला अक्रोड वेचायला लावले. तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

पहिला घाणा फसला. साखर, दूध, कोको आणि लोणी एवढाच मामला; पण पातेल्यात काही उकळत असले की त्यात डाव घालून ढवळल्याशिवाय मला राहवत नाही. मी गॅसवर ढवळले, खाली उतरवल्यावर तर जास्तच ढवळले. थाळीत जे थापले गेले ते दाताखाली करकर वाजू लागले. तुपाला रवाळ म्हटले की ते कौतुक असते. फजला रवाळ म्हटले की तो अपमान. सौ. काही बोलली नाही. अठरा वर्षांत तिला न बोलताही बोलता येऊ लागले आहे.

शेवटी आई उठून स्वयंपाकघरात आली. तिचे वय बाहत्तर. फज हा शब्द तिने त्याच आठवड्यात ऐकला होता. पण नारळाच्या वड्यांचे पाक तिने जन्मभर केले आहेत. "अरे, गोळीबंद पाक म्हणजे काय ते बघायला पुस्तक कशाला लागतं?" असे म्हणून तिने वाटीत गार पाणी घेतले आणि उकळत्या मिश्रणाचा थेंब त्यात टाकला. थेंब पसरला. थोड्या वेळाने दुसरा टाकला, तोही पसरला. तिसऱ्याची बोटांत मऊ गोळी झाली. "उतरव. आणि आता हात लावू नकोस."

"किती वेळ?"

"पातेल्याच्या बुडाला तळवा टेकवता येईपर्यंत."

पुस्तकात हेच ११४ अंश आणि ४५ अंश अशा भाषेत लिहिले होते. त्यामागे शास्त्र आहे. पाक गरम असताना ढवळला तर साखरेचे थोडे पण मोठे खडे धरतात. कोमट होईपर्यंत थांबून मग घोटला तर असंख्य बारीक कण होतात, आणि ते जिभेला कळतसुद्धा नाहीत. आई पातेल्याशेजारी पाट मांडून पाऊण तास बसून राहिली, मुख्यतः माझ्यावर लक्ष ठेवायला. मग लाकडी डावाने घोटणे सुरू झाले. मिश्रणावरची चमक जाऊन ते मंद दिसू लागताच तिने अक्रोड टाकायला सांगितले. केकच्या चौकोनी भांड्यात मी ते ओतले आणि पट्टी लावून सहा गुणिले सहा, छत्तीस वड्या पाडल्या.

वड्या फारच सुरेख झाल्या होत्या. दाताखाली आधी मऊ, मग मध्येच अक्रोडाचा किंचित कडसर तुकडा, आणि त्यामुळे पुढचा गोडवा पुन्हा नवा. त्या रात्री आम्ही चौघांनी दोन-दोन खाल्ल्या. आईला साखरेचा विकार आहे. तिच्या औषधांचे वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवले आहे आणि त्याखाली 'गोड बंद' असे लाल शाईने लिहिले आहे. त्यामुळे तिला वडी देण्याचा प्रश्नच नव्हता. तीही काही म्हणाली नाही. उरलेल्या अठ्ठावीस वड्या मी डब्यात भरल्या, झाकणावर चिठ्ठी लावली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजल्या, तर बावीस.

सहा वड्या कमी! मी घरातल्या सर्वांना बोलावले, म्हणजे खातेदारांना. खरे बोलण्यावर चार वाक्ये बोललो. वड्यांचे काही नाही, खोटेपणाचे वाईट वाटते, वगैरे. मग एकेकाला विचारले.

चिरंजीव म्हणाले, "चार." कन्या म्हणाली, "तीन." आणि सौ. पदराशी चाळा करत म्हणाली, "तीन. लहान लहान होत्या."

मी कागदावर बेरीज केली. दहा. कमी सहा आणि कबूल दहा. चार वड्या जास्त! इतकी वर्षे रोकड मोजतो आहे, पण चोरी झाली त्यापेक्षा जास्त चोरीची कबुली मी कधी पाहिली नव्हती.

आमच्याकडे जुन्या कारकुनांनी शिकवून ठेवलेले काही तोडगे आहेत. फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते बघायचे. फरक सम असला, तर त्याची निमपट करायची आणि त्या रकमेची नोंद शोधायची. ती बहुधा भलत्या बाजूला गेलेली असते. चारची निमपट दोन. म्हणजे दोन वड्यांची एक नोंद कुठेतरी होती, आणि ती एकदा पडायची ती तीनदा पडली होती. तिघांनी आपापल्या खाल्लेल्या वड्यांत त्याच दोन वड्या मिळवल्या होत्या. त्या काढल्यावर चिरंजीवांच्या दोन, कन्येची एक, सौ.ची एक, आणि त्या दोन. सहा. हिशेब चोख जुळला.

जुळल्याचा आनंद क्षणभरच टिकला. कारण घरात असे एकच माणूस होते, की ज्याला मी विचारलेच नव्हते.

आई देवघरापाशी वाती वळत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. ती वर न बघता म्हणाली, "दोन खाल्ल्या मी. दुपारी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" मग थोडे थांबून, "अरे, पाक मी बघितला. घोटायचं कधी ते मी सांगितलं. कसा झालाय ते मला नको का कळायला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखत नाहीत, हे खरे. पण देवसुद्धा नैवेद्य दाखवण्यापुरताच घेतो. ताट परत येते, आणि करणारीच्या वाट्याला त्यातले काही ना काही येतेच. मी देवापेक्षा कडक निघालो होतो. तिच्या भल्यासाठी! दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून आपण जे करतो, त्यात त्याला विचारायचे तेवढे राहून जाते. मी लाल शाईने लिहिले होते ते वैद्यकीयदृष्ट्या चूक नव्हते. पण ते मी तिच्याशी न बोलता फ्रिजशी बोललो होतो.

राहिला प्रश्न त्या तीन खोट्या कबुल्यांचा. धर्मराजाने आयुष्यात एकदाच सत्याला बगल दिली आणि जमिनीच्या चार बोटे वरून चालणारा त्याचा रथ खाली आला. पण ते असत्य गुरूचा जीव घेण्यासाठी होते. आमच्या घरी तिघांनी एकमेकांना न विचारता एका म्हातारीची चोरी आपापल्या अंगावर घेतली, त्यांचा रथ किती बोटे खाली यावा? मी अख्ख्या प्रकरणात एकही खोटे वाक्य बोललो नव्हतो, आणि तरी त्या संध्याकाळी घरात सगळ्यांत लाज मलाच वाटत होती. सत्य बोलण्याचे एवढे तरी बक्षीस मिळायला नको होते.

पुढच्या तपासणीला मी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी आधी दोन वड्यांबद्दल आईला रागावून घेतले आणि मग म्हणाले, क्वचित एखादा लहान तुकडा, जेवणानंतर, आणि त्या जेवणात भात कमी; पण चोरून नको, सांगून. आई म्हणाली, "भात सोडते." ज्या बाईने सणालासुद्धा भात सोडला नाही, ती अर्ध्या वडीसाठी तो सोडायला तयार झाली. फज हा पदार्थ काय ताकदीचा आहे, ते मला तिथे कळले.

गेल्या महिन्यात पुन्हा घाणा केला. पाक आईनेच बघितला आणि पहिली अर्धी वडी, अक्रोड ज्या बाजूला जास्त होता ती, तिच्या हातावर ठेवली. डब्यावर चिठ्ठी लावली नाही. पण सवय वाईट, दुसऱ्या दिवशी मोजल्या. एक वडी कमी होती. कुणी काही विचारायच्या आत मी म्हणालो, "मी खाल्ली." त्याच क्षणी स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "ती मी खाल्ली हो." मुलांच्या खोलीतून दोन आवाज आले. आणि देवघरातून पाचवा.

एक वडी कमी, कबूल पाच. पुन्हा चार जास्त. सम संख्या, निमपट दोन. पण पुढे काही शोधले नाही. डबा तसाच झाकून वर ठेवला.