३० ग्रॅम शिसं

समृद्धी महामार्गालगतच्या एका गॅरेजमधला हा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातला पेच कल्पित नाही. भाड्याची गाडी चालवणारा एक जण सकाळी आला. नव्वदच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, रात्री सवारी घेऊन नागपूर गाठायचंय, तेवढं बॅलन्सिंग करून द्या म्हणाला, आणि चहाला गेला. गाडी लिफ्टवर आहे. पुढच्या डाव्या टायरला आतल्या अंगाने फुगा आलाय, उभ्या माणसाला कधीच दिसणार नाही अशा जागी. मामांचं गॅरेज आहे; भाची ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करते.

भाची : टाय रॉड, बॉल जॉइंट बघितले?

मामा : चाक धरून हलवलं, कुठेच प्ले नाही. शिवाय थरथर ब्रेक मारल्यावरच आली असती तर डिस्क बघितली असती. सीटखाली जाणवली असती तर मागची चाकं. हे हाताला येतंय, म्हणजे पुढचं चाक.

भाची : पण सत्तरला काहीच कसं नाही?

मामा : वेग दुप्पट झाला की झटका चौपट होतो. रिमवर ३० ग्रॅमचा फरक धर. पन्नासला तो सव्वा किलोच्या जोराने चाक ओढेल, शंभरला पाच किलोच्या. त्यात शंभरला चाक सेकंदाला पंधराएक वेळा फिरतं, आणि सस्पेन्शनची स्वतःची लयही त्याच्याच आसपास असते. दोन्ही जुळलं की स्टेअरिंग नाचतं.

भाची : मग रिमला शिशाचं वजन लावलं तर थांबेल?

मामा : पूर्ण नाही, टायर गोल राहिला नाही ना. पण नागपूरपर्यंत त्याला विसर पडेल इतकं थांबेल.

भाची : मग लावूच नका. आत्ता हाताला त्रास होतो म्हणून तो वेग कमी करतो. तुम्ही तेवढंही काढून घेणार.

मामा : नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जाईल. तिथे चाक मशीनवर चढेल, आकडा शून्यावर येईल, आत कोणी डोकावणारसुद्धा नाही. मी केलं तर निदान सांगून करेन.

भाची : सांगितलेलं जालन्यापर्यंत तरी लक्षात राहील का? हात शांत असले की सगळं ठीकच वाटतं.

इथे मला भाचीची बाजू पटते, पण एक गोष्ट सोडून चालत नाही. थरथरीच्या बहुतेक तक्रारींत दोष खरोखर तोलाचाच असतो. वजन निसटलेलं असतं, किंवा पावसाळ्यात रिमच्या आत चिखल वाळून बसलेला असतो. तिथे चाक साफ करून तोल साधणं हाच पुरा इलाज आहे. तेच शिसं, तेच मशीन, तोच हात. चाक उतरवून आतून बघितल्याखेरीज इलाज कुठला आणि तोंड दाबणं कुठलं, हे करणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून न बघता केलेल्या दुरुस्तीला, ती बरोबर निघाली तरी, मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

मामा : पोरी, गाडी त्याची, जीव त्याचा. टायरचे पैसे आज नसतील, गाडीचे हप्ते असतील. त्याच्यासाठी ठरवणारा मी कोण?

भाची : जीव त्याच्या एकट्याचा आहे का? मागे बसणाऱ्यांना कोणी विचारलंय? तुम्हीच म्हणालात, हे हाताला येतं, सीटला नाही. त्यांना तर काही कळलेलंच नाही.

मामा काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा फुग्यावरून बोट फिरवलं.

भाची : हे चाक मागे टाकलं तर?

मामा : तपासायला चालतं. थरथर सीटला गेली की दोष चाकातच, हे पक्कं. पण तसंच सोडायचं नाही. पुढचा टायर फुटला तर गाडी एका बाजूला ओढते, धरून ठेवता येते. मागचा फुटला की गाडी गरकन फिरते, आणि त्या रस्त्यावर १२० ची मुभा आहे. स्टेपनीचं साल बघ.

भाची : ४१२२. म्हणजे २०२२ चा ४१वा आठवडा. साइज तीच, नक्षीही पुरेशी.

मामा : मग ती पुढे लावू, तिचं बॅलन्सिंग करू. या टायरला मी वजन लावणार नाही.

भाची : पण मग स्टेपनीच्या जागी हाच जाणार. पंक्चर झालं की रात्री अंधारात हाच चढेल.

मामा : म्हणून त्याला आधी इथे खाली बोलव. त्याचं बोट फुग्यावर ठेवायचं, मग बोलायचं. एखादा जुना पण धड टायर आपल्याकडे पडलाय का बघ, पैसे नंतर दे म्हणू.

भाची : आणि तरी नकोच म्हणाला तर?

मामा : तर गाडी आली तशी उतरवायची. थरथरत जाऊ दे.

भाची : पुढच्या दुकानात.

मामा : त्या दुकानवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. लाव फोन. सांगतो, पांढरी गाडी येईल, पुढचं डावं चाक आतून बघ.