जन्मतःच ठरलेला चोर

मनुष्याच्या अपराधाचा विचार त्याने केलेल्या कृत्यावरून करावा, की तो कोणत्या लोकांत जन्मला ह्यावरून? असे कोणी विचारले तर आपण सर्वजण तत्काळ म्हणू की, कृत्यावरून. परंतु घरातील एखादी वस्तू रात्री नाहीशी झाली म्हणजे सकाळी आपली बोटे कोणाकडे वळतात, हे पाहिले असता आपले खरे उत्तर निराळेच आहे असे दिसून येते.

काही वर्षांमागे नांदगाव तालुक्यातील एका गावी आमच्या मंडळीतल्या एका बंधूच्या विहिरीवरील विजेची मोटार चोरीस गेली. गावाबाहेर माळावर पारध्यांची चार पाले उतरली होती. कोणी काही पाहिले नव्हते. तरी दुपारच्या आत पालांतील एका तरुणास धरून नेले, व त्यास मारही बसला. लोकांनी आम्हांस विचारले तेव्हा, "असतील तेच," असे आम्हीही म्हणालो. पंधरा दिवसांनी ती मोटार त्या बंधूच्याच एका भाऊबंदाच्या कडब्याखाली सापडली. तोवर पाले उठून गेली होती. क्षमा मागावी तर माणूस कोठे आहे हे ठाऊक नाही. म्हणून हे चार शब्द आम्ही न्यायाधीशाच्या आसनावरून नव्हे, तर आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहीत आहो.

हा संशय आपणांस वारशाने मिळाला आहे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, व 1911 साली तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. कोणाचा अपराध सिद्ध न होता संपूर्ण जमात गुन्हेगार ठरली. तिच्या लोकांस पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, व कित्येकांस कुंपणातील वसाहतीत राहावे लागे. अशा वसाहती चालविणाऱ्यांत मुक्तिफौज होती, आणि सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनही होते. तेथे शाळा व उद्योग निघाले, हे खरे. पण त्या कुंपणाचे चालक होणे आपल्या वडिलांनी पत्करले, हे आपण विसरू नये. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातून मात्र तो गेला नाही.

ह्याचे फळ आपल्याच जिल्ह्यात दिसले. जून 2003 मध्ये नाशिकजवळील एका मळ्यात दरोडा पडून एकाच कुटुंबावर घोर अत्याचार झाले, व पाच जीव गेले. भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर पकडले गेले. 2006 साली नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांस फाशी सांगितली. 2007 साली उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहांनाही फाशी ठरविली. अखेर 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांस निर्दोष सोडले. घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांस ओळखले होते. त्यांचा तपास झालाच नव्हता. हे लोक भटके व दरिद्री असल्याने त्यांस खोटे गोवले असण्याचा संभव आहे, असेही न्यायालयाने नमूद केले, आणि प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा हुकूम सरकारास केला. पण सोळा वर्षे कोणत्या खजिन्यातून परत द्यावी?

हा दोष केवळ आपल्याच देशाचा नाही. जेथून मिशनरी आपल्याकडे सुवार्ता घेऊन आले त्या अमेरिकेत, अलाबामा राज्यातील स्कॉट्सबरो येथे, 1931 साली नऊ कृष्णवर्णी तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांनी अत्याचाराचा आरोप केला. केवळ गोऱ्या पंचांपुढे खटले चालले, व अटकेपासून सुमारे दोन आठवड्यांत आठांस मृत्युदंड सुनावला गेला. पुढे त्यांतील एका स्त्रीने आपली साक्ष खोटी होती असे न्यायालयात सांगितले. तरीही कित्येकांची तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली. उरलेल्या तिघांस 2013 साली माफी मिळाली, तेव्हा ते हयात नव्हते. तेथे कातडीचा रंग, येथे पाल, रीत एकच.

कोणी म्हणेल, "पालांतले लोक चोरी करीत नाहीत काय?" काही करीत असतील, जसे वाड्यांतले व बंगल्यांतलेही काही करतात. परंतु अपराध हा एका माणसाचा असतो. तो त्याच्या गोताचा होत नाही. शिवाय निरपराध्यास कोंडले म्हणजे खरा अपराधी मोकळा फिरतो. नाशिकच्या त्या मळ्यातील कुटुंबास तरी न्याय कोठे मिळाला?

योसेफाची गोष्ट आपण मुलांस शिकवितो. पोटीफरच्या स्त्रीने त्याच्यावर आळ घेताना तो इब्री आहे हेच आधी पुढे केले. आणि तेवढे पुरेसे झाले. त्यास कोणी एक प्रश्नही विचारल्याचे त्या कथेत नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा न्यायालयापुरतीच आहे असे आपण समजतो. परंतु "असतील तेच" हे चावडीवर उच्चारलेले शब्दही साक्षच आहेत. त्यांवर शपथ नसते, पण त्यांनी माणूस तुरुंगात जातो.

तर बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी गावात काही हरवले तर प्रत्येकाने प्रथम स्वतःस विचारावे: मी डोळ्यांनी काय पाहिले? काही पाहिले नसेल तर तसेच स्पष्ट सांगावे. कोणा गरिबास धरून नेले तर मंडळीतील दोघा वडीलधाऱ्यांनी त्याच्याबरोबर ठाण्यापर्यंत जावे. ज्यास ऐपत नाही त्यास सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. हे त्याच्या घरच्यांस समजावून द्यावे. हे आम्ही त्या दिवशी केले नाही. देव आम्हांस ते करण्याचे धैर्य देवो.