रोपघराची किल्ली

सदरमधील आमच्या भजनाच्या मंडळीत एका एकादशीला एका वृद्ध माळकऱ्यांनी आम्हांला सर्वांदेखत विचारले, "काय हो, गळ्यात माळ घातलीत, वारी धरलीत, आणि आता परसात लाकूडकाचेचे घर बांधून त्यात झाडे कोंडता! ही भूतदया म्हणावयाची की मायेचा आणखी एक पसारा?" मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु घरी येईपर्यंत तो प्रश्न आमच्यामागे चालत आला आणि पुढे कितीतरी दिवस घरातच राहिला. त्याचे उत्तर आम्हांला जसे मिळाले तसे वाचकांपुढे ठेवतो. ते आमच्या शहाणपणाने मिळालेले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

नागपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण नागपूरची थंडीही कधी कधी तितकीच निर्दय होते, हे बाहेरच्यांना पटत नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे येथे ३.५ अंश इतका खाली पारा उतरला. त्या सकाळी मातोश्री वृंदावनाला पाणी घालावयास गेल्या, तो तुळशीची पाने काळी पडून लोंबत होती. तुळस उबेत वाढणारी. असा गारठा तिला सोसत नाही. आम्ही फार हळहळलो. मातोश्री मात्र शांतपणे म्हणाल्या, "मंजिऱ्या आहेत ना डब्यात? चैत्रात टाकू. लाकूड वाळलं की जपून ठेव, मण्यांना होईल." एवढे बोलून त्या आत गेल्या. आमचे समाधान झाले नाही. पुन्हा असे होऊ द्यावयाचे नाही असे आम्ही मनाशी ठरविले आणि रोपघराचा घाट घातला. पुस्तकात त्याला हरितगृह म्हणतात. आमच्या गल्लीतली पोरं त्याला 'काचघर' म्हणत.

घर लहानच, आठ फूट लांब, सहा फूट रुंद. एका पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी चौकटी आणि खिडक्यांच्या काचा मिळाल्या. त्या पाहून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, काचेचं घर, अन् तेही नागपुरात? वांग्याची रोपं लावाची आहेत, का वांग्याचं भरीत कराचं आहे?" त्याची थट्टा खरी होती. काचेतून ऊन आत शिरते, त्याने माती, विटा, लाकूड तापतात, त्यांच्या उबेने आतली हवा तापते, आणि तापलेल्या हवेला बाहेर जावयास वाट नसते. उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीत हाच प्रकार होतो. विलायतेत थंडी हा झाडांचा शत्रू, म्हणून तिकडे ऊब कोंडून ठेवावी लागते. आपल्याकडे वर्षातले चार दिवस गारठ्याचे आणि चार महिने उन्हाचे. तेव्हा तिकडचे घर जसेच्या तसे येथे उभे करणे म्हणजे मिस्त्री म्हणाला तसे भरीतच.

मग आम्हांला रामटेककडील पानमळ्यांची आठवण झाली. नागवेल मोठी नाजूक. तिला ऊन हवे पण चाळलेले, वारा हवा पण झोंबरा नको. म्हणून पानमळेवाले कोठे शेवरी-शेवग्याच्या सावलीत वेल चढवितात, कोठे चारी बाजूंना ताट्या लावून वर गवताचे विरळ आच्छादन घालतात. बरई मंडळींना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. तिचे अनुकरण करून आम्ही काच फक्त पूर्वेला आणि दक्षिणेला बसविली, पश्चिमेला बांबूची ताटी लावली, आणि आढ्यालगत वर उघडणारी झडप ठेवली. कारण तापलेली हवा वर चढते, तिला वरूनच वाट द्यावी लागते. खांबांखाली दगड दिले आणि बुडाला डांबर फासले, नाहीतर आमच्याकडची वाळवी साग असो की शिसव, कोणाचीच भीड धरीत नाही. खाली वाळूवर विटा पसरल्या. उन्हाळ्यात त्या ओल्या ठेवल्या की आत गारवा राहतो. घर उभे राहिले. दाराला आम्ही कुलूप लावले आणि किल्ली जानव्यासारखी जवळ बाळगू लागलो.

येथवर सारे ठीक होते. अडचण पुढे आली, आणि ती लाकडात नव्हती, काचेत नव्हती, आमच्यात होती.

माघात आम्ही आत काकडीचा वेल लावला. वेल जोमाने वाढला, फुलांनी भरला. कोवळ्या काकड्या धरल्या म्हणता म्हणता पिवळ्या पडून गळू लागल्या. पाणी कमी की खत कमी, आम्हांला उमजेना. तेव्हा शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, माशी आत जात नाही तुमच्या. जाळ्या ठोकल्या ना सगळीकडे! मग काकडी कशी धरल जी?" या मावशी ख्रिस्ती आहेत. सदरमध्ये मंदिराची घंटा आणि चर्चची घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू येतात, आणि आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये तर एक मेंदीचे कुंपणच काय ते आड आहे. मावशींचे म्हणणे बरोबर होते. काकडीला नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. एकाचे पराग दुसऱ्यावर नेणारी मधमाशी आत आली नाही तर फळ धरत नाही. किडीला येऊ नये म्हणून लावलेल्या जाळीने आम्ही मधमाशीचीही वाट अडविली होती. आम्ही जाळी काढली का? नाही. एक बारीक कुंचला आणून रोज सकाळी स्वतःच एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावीत बसलो. त्यात अर्धा-पाऊण तास जाई आणि हरिपाठ मागे पडे. मनात मात्र अभिमान असा की या वेलाचे सारे काही आमच्याच हातून होते.

वैशाखाच्या अखेरीस वांगी, टोमॅटो, मिरची आणि तुळस यांचे बी टाकले. रोपे तरारून आली आणि ज्येष्ठ लागला. वारीची तयारी सुरू व्हावयाची, तो आमच्या मनाने भलतीच दिशा घेतली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते; जाणे, चालणे, येणे धरून आम्हां नागपूरकरांचा महिना सहज जातो. महिनाभर या रोपांचे कोण पाहणार? उकाड्यात झडप कोण उघडील, पावसाची सर आली तर कोण लावील? 'यंदा वारी चुकली तर काय बिघडले?' असे मन म्हणू लागले. आणि मन मोठे वकील असते. त्याने साक्षीदारही थोर आणला. मन म्हणाले, 'संत सावतोबा तरी कोठे पंढरीला गेले? अरणच्या मळ्यातच त्यांना पांडुरंग भेटला. आजही पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीस जाते. मळा सांभाळणे हीच पूजा.'

हे वाक्य मातोश्रींना ऐकविले. त्या दळणाचे गहू निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "सावतोबांच्या मळ्याला कुलूप होतं का रे?"

आम्ही निरुत्तर झालो. सावतोबांचा मळा हे त्यांचे कर्तव्यकर्म होते. त्या मळ्याची भाजी लोकांच्या चुलीवर शिजे, तेथे आल्यागेल्याला मज्जाव नसे, आणि झाडात त्यांना देव दिसे. आम्हांला रोपट्यांत कोण दिसत होते? खरे सांगावयाचे तर आम्हीच. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काचेतून डोकावून 'वा वा' म्हणावे, याचसाठी रोजची निम्मी खटपट चालली होती. संतांचे नाव घेऊन आपला मोह झाकणे ही चूक आपणां वारकऱ्यांच्या हातून वारंवार होते. आम्ही ती करावयास निघालो होतो.

किल्ली मावशींच्या हाती दिली आणि आम्ही गाडी धरली. देताना सूचना मात्र शंभर दिल्या: सकाळी झडप उघडा, पाऊस आला की लावा, दार उघडे टाकू नका, रोपांना हात लावू नका.

दिवेघाटात आमच्यापुढे एक म्हातारी चालत होती. तिच्या डोक्यावर लहानसे वृंदावन, त्यात वीतभर तुळस. वर ऊन, मध्येच पावसाची झड, घाटाचा वारा. आणि ती तुळस हलत-डुलत चालली होती. मुक्कामाला बाई आधी तिला चुळकाभर पाणी घाली, मग स्वतः पाणी पिई. आम्ही दोन मुक्काम ते पाहत राहिलो. त्या तुळशीची काळजी आमच्या रोपांपेक्षा कमी घेतली जात नव्हती, तरी तिच्याभोवती भिंत नव्हती. बाईचे जपणे आणि तिचे चालणे यांत विरोध नव्हता. एकाच पावलात दोन्ही होत होती.

आषाढी करून घरी परतलो. पिशवी खाली ठेवण्याआधी परसात गेलो. रोपघराचे दार सताड उघडे, जाळ्या गुंडाळून वर बांधलेल्या, आणि वाफे रिकामे! चार-दोन रोपे सोडली तर आत काही नाही. आमच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर मुखी नाम होते, ते एका क्षणात कोठल्या कोठे गेले. आम्ही कुंपणापाशी जाऊन मोठ्या आवाजात विचारले, "मावशी, रोपे कोठे गेली?"

मावशी भांडी घासत होत्या. उठून आल्या आणि म्हणाल्या, "वाटून टाकली भाऊ. पाऊस लागला, रोपं काचेला टेकून वाकून राहिली होती. आत दमट होऊन काही तर बुडापाशी सडून मरून राहिली होती. लावाचा वेळ तो हाच. आता नाही तर मंग कधी लावाल? आठ दिवस दार उघडं ठेवलं, पाणी कमी केलं, जरा वारा खाऊ दिला, अन् मंग गल्लीत दिली ज्याला त्याला. तुळस तुमच्या आईनं वृंदावनात लावली. काहून, चुकलं का जी?"

आम्ही काय उत्तर देणार? रोपवाटिकेचे शास्त्र हेच सांगते. दमट, कोंदट जागेत कोवळ्या रोपांना मर लागते. भाजीचे रोप साधारण चार-पाच आठवड्यांचे झाले की हलवावे लागते. हलविण्यापूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडून, ऊन-वारा दाखवून त्याला कणखर करावे लागते. सावलीतून एकदम उन्हात नेले तर ते मान टाकते. मावशींनी हे सारे यथासांग केले होते. आम्ही घरी असतो तर 'अजून कोवळी आहेत' म्हणत त्यांना आतच ठेवून मारले असते. संध्याकाळी मातोश्री आम्हांला गल्लीतून हिंडवून आणीत होत्या. कोणाच्या डब्यात मिरची, कोणाच्या फुटक्या बादलीत वांगे, कोपऱ्यावरच्या चांभाराच्या टपरीमागे टोमॅटो. सगळी उघड्यावर आणि सगळी हिरवीगार. आम्ही रात्री मावशींकडे जाऊन चढ्या आवाजाबद्दल क्षमा मागितली. त्यांनी चहा केला.

पुढे वाचनात आले की लंडनमधील नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरला १८२९ मध्ये असे आढळले, की बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचा आपोआप रुजला. बाहेरच्या धुरात मात्र त्याची नेच्याची झाडे जगत नसत. त्यावरून त्याने लाकडाच्या व काचेच्या पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये त्यांतून जिवंत रोपे जहाजाने ऑस्ट्रेलियात सिडनीपर्यंत पोचविली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८ नंतरच्या वर्षांत अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची हजारो रोपे हिमालयाच्या उतारावरील मळ्यांसाठी आणली. त्या व्यापारातील न्यायान्याय हा निराळा विषय. आम्हांला एवढेच दिसले, की ती पेटीही एक लहान लाकडी रोपघरच होती, आणि ती पलीकडे पोचविण्यासाठी होती. किनारा आला की झाकण काढावयाचे आणि रोप मातीत लावावयाचे. पोचल्यावरही जो झाकण काढीत नाही, त्याची पेटी आणि तिजोरी यांत फरक राहत नाही.

तेव्हा त्या वृद्ध माळकऱ्यांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. गारठ्यात रोपाला आडोसा देणे ही दयाच आहे, ती करावी. परंतु ज्या दिवशी ते उघड्यावर जगू शकते, त्या दिवशी दार उघडता आले पाहिजे. तेथे हात अडखळला तर समजावे की आपण रोपाला जपत नसून आपल्या 'माझे'पणाला जपत आहो. मुलाबाळांच्या, शिष्यांच्या आणि संस्थांच्या बाबतीतही आम्हांला हीच कसोटी लागू पडते असे वाटते; प्रपंचात असे काचघर प्रत्येकाच्या परसात एखादे तरी असतेच.

रोपघर आजही उभे आहे. जाळ्या फुलांच्या दिवसांत वर बांधलेल्या असतात. कार्तिकानंतर थंडीच्या रात्री कुंड्या आत जातात, सकाळी बाहेर येतात. पहिल्या पावसाला रोपे गल्लीत जातात. कुलूप मोडीत दिले. किल्ली तेवढी राहिली आहे. ती मातोश्रींनी मंजिऱ्यांच्या डब्यात टाकली आहे. दर चैत्रात बी काढावयास डबा उघडला की ती हाताला लागते.

असो. रामकृष्णहरि.