मेलेल्या माणसांचं खासगीपण

फॅमिलीसर्चवर वंशवृक्ष भरताना प्रत्येक नावापाशी एक प्रश्न येतो : ही व्यक्ती हयात आहे की मृत? ‘हयात’ म्हटलं की तिची माहिती जगापासून झाकली जाते. ‘मृत’ म्हटलं की कुणालाही दिसते. मेलेल्या माणसाकडे लपवण्यासारखं काही उरत नाही, असं इथे गृहीत धरलंय. मला ते पटत नाही.

आपल्याकडे बायकांची नावं शोधणं तसंही अवघड. वंशावळीत बाप-लेक-नातू अशी रांग असते; सुना असल्याच तर ओझरत्या. त्यामुळे मी जमिनीच्या कागदांकडे वळलो. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत. थोडं शुल्क भरलं की फोनवर उतरतात. अशाच एका फेरफारात मला पणजी सापडली. मात्र आमच्या आडनावाने नाही. शेजारच्या गावातल्या एका मयत खातेदाराची विधवा म्हणून. तिने माझ्या पणजोबांशी पाट लावला, सबब तिचं नाव कमी केलं, एवढीच नोंद.

या ‘सबब’मागे कायदा आहे. १८५६च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपवला. शेतकरी जातींत पाट रूढच होता, तरी त्याला लग्नाचा मान नव्हता. घरं वर चढली, तशी ‘पाटाची बायको’ हे शब्द दडपले गेले.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “तिनं मरेस्तोवर तोंड उघडलं नाही. तू कोण रे तिची अब्रू चव्हाट्यावर मांडणारा?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं : यात अब्रू जाण्यासारखं आहेच काय? उलट, तरुण वयात विधवा झालेली बाई हक्काची जमीन सोडून नवा संसार मांडते, याचा अभिमान वाटावा. आपण लपवलं तर तेव्हाच्या लोकांचा निवाडा आपणच पुन्हा कायम करतो. पण आत्याचा प्रश्न वेगळा होता. गोष्ट लाजेची आहे की नाही, हे नव्हे. ती सांगायचा हक्क कुणाचा, हा. आणि पणजी स्वतःहून गप्प राहिली की तिला गप्प बसवलं गेलं, हे आता कुणालाच विचारता येणार नाही.

पूर्वी घरातलं गुपित तोंडातून कानात जायचं. सांगणारी ऐकणारा निवडायची : लेक मोठी झाली की, सून रुळली की. घरात सांगणं आणि जगाला सांगणं या दोन गोष्टी होत्या. वंशवृक्षाच्या साइटवर त्यांचं एकच बटण होतं. आपल्याला वाटतं, निवड ‘खरं’ आणि ‘खोटं’ यांत आहे. खरी निवड असते ती कुणाला सांगायचं याची.

मी फेरफाराची प्रत घरातल्या सगळ्या मुलींना दाखवली. त्यांचं त्या बाईशी रक्ताचं नातं आहे. तिने काय सोडलं आणि काय धरलं, हे त्यांना कळायलाच हवं. सार्वजनिक वृक्षात मात्र पहिल्या नवऱ्याची जागा आत्या आहे तोवर रिकामी राहील. याची किंमतही आहे : तोपर्यंत ती जुनी लाज थोडी माझ्याही हातून जपली जाईल, आणि ज्या माणसाची ती आधी बायको होती, त्याच्या घरच्यांना हा धागा सापडणार नाही. तरीही आत्याला दुखवून मिळवलेल्या पूर्ण वंशवृक्षापेक्षा मला ती रिकामी चौकट चालेल.